काळोखासाठी अँडीजपर्यंत

मंगळवारी अमळनेरच्या मंगळ ग्रह मंदिरात सकाळपासून गर्दी असते. खान्देशातूनच नव्हे, राज्याबाहेरूनही भाविक येतात. मंगळाची स्वतंत्र मंदिरे देशात फार थोडी आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही. मात्र संध्याकाळी दर्शन घेऊन परतणाऱ्या एखाद्याला 'आज आभाळात मंगळ कुठे आहे?' असे विचारले, तर बोट दाखवणारा विरळाच. हा श्रद्धेचा दोष नाही. तांबूस दिसणारा हा ग्रह साधारण २६ महिन्यांनी पृथ्वीजवळ येतो तेव्हा सहज ओळखू येतो. पुढची अशी वेळ फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. एरवी मात्र तो इतर ताऱ्यांत मिसळून जातो, आणि पांढऱ्या दिव्यांच्या झगमगाटाखाली राहणाऱ्यांची मान वर करून पाहण्याची सवयच मोडली आहे.

गंमत अशी की हेच आभाळ पाहण्यासाठी आता लोक पैसे मोजून दूर जाऊ लागले आहेत. लडाखमधील हानले परिसराला डिसेंबर २०२२ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय रिझर्व्ह' घोषित केले गेले. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ज्यांची ऐपत आहे ते त्याहून लांब, थेट दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जातात. माचू पिच्चू पाहायचे, कुस्को शहरात मुक्काम करायचा आणि रात्री स्थानिक वाटाड्याकडून इंका लोकांचे आभाळ समजून घ्यायचे, असा कार्यक्रम आता मराठी पर्यटकांनाही अनोळखी राहिलेला नाही.

इंकांच्या आभाळाची एक गोष्ट ऐकणाऱ्याला चकित करते. जगातील बहुतेक समाजांनी ताऱ्यांना रेषांनी जोडून आकृत्या बनवल्या. अँडीजमधील लोकांनी तशा आकृत्या तर बनवल्याच, पण तारे नसलेल्या जागांनाही नावे दिली. आकाशगंगेच्या दुधी पट्ट्यात जे काळे डाग दिसतात, त्यांत त्यांना प्राणी दिसले: लामा आणि तिचे पिल्लू, कोल्हा, बेडूक, साप, तित्तिरासारखा एक पक्षी. आकाशगंगेला ते 'मायू' म्हणजे नदी म्हणतात आणि हे प्राणी त्या नदीवर पाणी प्यायला आले आहेत, असे मानतात. ते डाग म्हणजे रिकामी जागा नव्हे, तर मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे धुळीचे प्रचंड ढग आहेत, हे विज्ञानाला विसाव्या शतकात नीट उमगले. १५३२ मध्ये स्पॅनिश फौजा आल्या, इंकांचे राज्य गेले, कुस्कोच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर चर्च उभे राहिले. आकाशातली लामा मात्र डोंगरातल्या मेंढपाळांच्या बोलण्यात टिकून राहिली.

अशा गोष्टींना दंतकथा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी पेरू आणि बोलिव्हियातील बटाटा पिकवणाऱ्यांची हकीकत जरूर वाचावी. तिथले शेतकरी जूनच्या उत्तरार्धात, २४ तारखेच्या सॅन हुआन सणाच्या आसपास, पहाटे डोंगरावर जाऊन कृत्तिकांचा पुंजका पाहतात. तो ठसठशीत दिसला तर पाऊस वेळेवर येणार. अंधुक दिसला तर पाऊस लांबणार, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागवड पुढे ढकलायची. ही रीत किमान ४०० वर्षांपासून चालत आली आहे. ऑर्लोव्ह, चँग आणि केन या तीन संशोधकांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात तिची तपासणी मांडली. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये त्या भागावर फार उंचावर, डोळ्यांना जाणवणारही नाहीत इतके विरळ ढग वाढतात आणि कृत्तिका धूसर करतात. त्याच वर्षी पुढे पाऊस कमी पडतो. म्हणजे शेतकरी ताऱ्यांकडे पाहत होते, पण वाचत होते ते ढग. एल निनो हा शब्द त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे याच्या अगदी जवळ जाणारी गोष्ट आहे. चंद्राभोवती मोठे कडे पडले की खान्देशात म्हातारी माणसे 'खळं पडलं' म्हणतात आणि पावसाचा अदमास बांधतात. हे खळेसुद्धा उंचावरच्या विरळ ढगांतील बर्फाच्या कणांमुळेच दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड गावांत फिरून त्यांचे आकाशज्ञान नोंदवले. तो निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कोरकूंचाही असाच अभ्यास झाला. मृगाच्या ताऱ्यांत नांगर, सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत खाट आणि उरलेल्या तिघांत चोर पाहणारी ही दृष्टी शेतात आणि अंगणात घडलेली आहे. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल पाड्यांवरच्या आजी-आजोबांकडे अशीच नावे विचारायला हवीत. त्यासाठी मोठ्या प्रकल्पाची वाट पाहायचे कारण नाही; महाविद्यालयातील मुले वही घेऊन जाऊ शकतात.

इथे एक फरक मात्र करायला हवा. पावसाळी नक्षत्रांची वाहने, म्हणजे यंदा मृगाचे वाहन बेडूक की गाढव, हे पंचांगकर्ते गणिताने ठरवतात. त्यासाठी आभाळाकडे पाहावे लागत नाही. सूर्य मृगात असतो तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात बुडालेले असतात, ते दिसतच नाहीत. शिवाय पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. दीड हजार वर्षांपूर्वी मृग लागत असे, त्यापेक्षा आज तो सुमारे तीन आठवडे उशिरा लागतो. पाऊस मात्र ऋतूप्रमाणे येतो. भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत दरवर्षी आखाजीनंतर ठळक बातमी होते, पण त्यातले किती खरे ठरले याचा हिशेब त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे क्वचितच छापला जातो. अँडीजमधल्या कृत्तिकांना मान मिळाला तो जुन्या आहेत म्हणून नव्हे, तर तपासून पाहिल्यावर टिकल्या म्हणून.

आता डोळ्यांविषयी, कारण इंकांचे काळे प्राणी दिसायचे असतील तर दुर्बीण लागत नाही, डोळा तयार व्हावा लागतो. उजेडातून अंधारात आल्यावर पहिली आठ-दहा मिनिटे जे सुधारते ते रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींचे काम. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना पूर्ण जागे व्हायला अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडात फिकट होते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. मधेच मोबाइलवर एक निरोप वाचला की तो अर्धा तास वाया गेला. म्हणूनच निरीक्षक मंद लाल दिवा वापरतात. दंडपेशी लाल प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत. आणखी एक युक्ती आहे. नजरेच्या नेमक्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधुक तारा पाहायचा तर त्याच्या किंचित बाजूला पाहावे.

ऱ्होडॉप्सिन तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात अ जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा दिल्या जातात, त्या चुकवू नयेत. 'पोरगं संध्याकाळी धडपडतं' अशी तक्रार आईने केली तर ती वेंधळेपणाची समजू नये. साठी ओलांडलेल्यांच्या बाहुल्या अंधारात तरुणांइतक्या मोठ्या होत नाहीत. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. अशा व्यक्तीने परदेशातील सहलीआधी डोळे तपासून घेतलेले बरे.

उंचीचा मुद्दा सहल विकणारे घाईत सांगतात. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि लिमा समुद्रकाठी. विमानाने हे अंतर सव्वा-दीड तासाचे. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणे. पहिले दोन दिवस दगदग टाळावी, दारू घेऊ नये, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. अ‍ॅसिटाझोलमाइड हे औषध उपयोगी आहे, पण ते डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर नक्कीच. बसल्या जागी धाप लागली, चाल अडखळली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. लेहला किंवा सुमारे ४,५०० मीटरवरच्या हानलेला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आणि एक विचित्र गोष्ट: दंडपेशींना प्राणवायू भरपूर लागतो, त्यामुळे दीड हजार मीटरनंतरच रात्रीची नजर थोडी थोडी मंदावू लागते. आभाळ जिथे सर्वांत स्वच्छ, तिथे पाहणारा डोळा थोडा अधू. धूम्रपान करणाऱ्यांचा आणखीच.

मग प्रश्न उरतो की ज्या काळोखासाठी लोक इतके लांब जातात, तो घरी का उरला नाही? खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. धाब्याच्या घरांवर, अंगणात बाज टाकून झोपण्याची रीत काल-परवापर्यंत सार्वत्रिक होती आणि लेकरांना सप्तर्षी दाखवायला वेगळी शाळा लागत नव्हती. (आजही बाहेर झोपायचे तर बाजेवर आणि मच्छरदाणी खोचूनच झोपावे, जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते तेव्हा अनेकदा वेदनाही होत नाहीत.) २०१५ मध्ये केंद्राची पथदीप योजना सुरू झाली आणि देशभरात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले. वीज वाचली, हा फायदा खराच आहे. पण त्यातले पुष्कळ दिवे निळसर पांढरे, आणि उजेड बाजूला व वर सांडणारे. २०१६ च्या जागतिक पाहणीत पृथ्वीवरील एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाही, असे आढळले. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार रात्रीचे आभाळ वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होते. जिथे आज २५० तारे दिसतात, तिथे जन्मलेले मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हा १०० दिसतील, असा त्याचा अर्थ.

हा केवळ हौशी लोकांचा तोटा नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ज्या चित्र पाहत नाहीत, फक्त दिवस की रात्र एवढे मेंदूला कळवतात, आणि निळ्या प्रकाशाने त्या सर्वाधिक चेतवल्या जातात. मग झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा आणि कमी स्रवते. शरीरातील या घड्याळाच्या यंत्रणेच्या शोधाला २०१७ चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले आहे. खिडकीतून येणारा रस्त्यावरचा उजेड म्हणजे रात्रपाळी नव्हे, दोन्ही एका तराजूत घालणे चुकीचे ठरेल. पण झोप लागत नाही म्हणून गोळी मागणाऱ्याच्या उशाशी मोबाइल आणि खिडकीबाहेर पांढरा दिवा असेल, तर आधी त्यांचा विचार व्हावा.

दिवे काढून टाका असे म्हणणे मात्र बेजबाबदारपणाचे. शेतपंपाची वीज रात्री येते, शेतकरी बारे द्यायला अंधारात जातो आणि सर्पदंश होऊन सरकारी दवाखान्यात येतो. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर उजेड हवाच. तो पायाखाली पडावा, आभाळात किंवा शेजारच्या माजघरात नव्हे, एवढाच मुद्दा आहे. पेंचमध्ये वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या चार गावांत शंभरावर दिवे खाली तोंड करून बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच पथदिव्यांचा रंग ३,००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर, ठेवण्याची शिफारस केली. नवा दिवा तसाही मागवावा लागतोच. निविदेत रंगाची आणि झाकणाची अट घालणे नगरपालिकेला अवघड नाही. धुळीसारखे किंवा पाण्यासारखे हे प्रदूषण साफ करत बसावे लागत नाही. दिव्याची टोपी फिरवली की त्याच रात्री ते कमी होते.

आणि पेरूची लामा? ती वृश्चिकापासून नरतुरंगापर्यंत पसरलेली आहे, तिचे डोळे म्हणजे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. कुस्कोहून ती आभाळात बरीच वर येते. अमळनेरहून मित्र हा तारा क्षितिजापासून जेमतेम आठ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षाही थोडा कमी वर चढतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, चंद्र नसताना, गावाच्या दक्षिणेला मोकळ्या शेतशिवारात उभे राहावे. क्षितिजावर धूळ नसेल आणि समोर पेट्रोल पंपाचा दिवा नसेल, तर दोन्ही डोळे शेजारी शेजारी दिसतात. बॅटरी सोबत असू द्यावी, पायात बूट घालावेत आणि मोबाइल खिशातच ठेवावा.