टाळांची जोडी

गेल्या आषाढी एकादशीच्या भजनात आमच्या दांडिया बाजारातील मंडळींचा जुना टाळ फुटला. कडेला केसाएवढी चीर गेली आणि इतक्या वर्षांचा तो खणखणीत नाद एकाएकी बद्द झाला. नवी जोडी आणण्याचे काम आमच्याकडे आले. मुख्याध्यापकास सर्व काही कळते असा आपल्या समाजात एक समज आहे. तो खोडून काढण्याचे धैर्य आम्हांस आजवर झालेले नाही.

दुकानदाराने प्रथम पुढे ठेवले ते मंजिरे. गुजराती भजनाच्या नाजूक ठेक्यास ती इवलीशी जोडी शोभते. आपल्या वारकरी चालीला अंगाने भरलेला, खोलगट टाळच हवा. तसे सांगताच त्याने एक पितळी जोडी काढली. झळझळीत, वजनदार, आणि वाजविताच सारी गल्ली वळून पाहील अशी. आम्ही तीच घेतली.

गुरुवारी भजन सुरू झाले. आमच्या आप्पांचे वय ब्याऐंशी. दुसऱ्या अभंगातच ते थांबले. म्हणाले, “मास्तर, टाळ उत्तम आहे, पण त्याच्यापुढे माझा आवाज मलाच येत नाही.” आम्ही खजील झालो.

पखवाज गवयाच्या स्वरात आणता येतो. गट्टे ठोकावेत, डाव्या तोंडाची कणीक कमीजास्त करावी. टाळाला बसल्या जागी असे काहीच करता येत नाही. घडताना जो स्वर लाभला तो जन्माचा. म्हणून निवड हेच त्याचे जुळविणे. घेर मोठा व अंग पातळ असेल तर स्वर खाली, लहान व जाड असेल तर वर. काशात सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील असते. ते ठिसूळ, फरशीवर पडले की संपले, पण त्याचा नाद बराच वेळ रेंगाळतो. शिवाय जोडीतील दोन्ही टाळ हुबेहूब एका स्वराचे नसावेत. किंचित अंतर असले तरच नादात ती मंद लहर उठते, जिच्यावर अभंग तरंगतो. अंतर फार झाले की मात्र कानास खुपते.

पुढच्या खेपेस आप्पांनाच बरोबर नेले. बाहेर रिक्षांचा गोंगाट. त्यांनी टाळ दोरीने लोंबता धरला, कडेला कड अलगद लावली आणि डोळे मिटून षड्ज गुणगुणला. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली ती याच शहरात; दुकानदारास ही परीक्षा नवी नसावी. त्याने न सांगता पंखा बंद केला. सहा जोड्या परत गेल्या. सातवी आप्पांनी ठेवून घेतली, कळकट काशाची, दिसायला गरीब.

पितळी जोडी आम्ही गल्लीतील गणेश मंडळास दिली. मिरवणुकीत ढोलाबरोबर ती चांगली वाजते.