वारसा रक्ताचा की रियाजाचा?

आमच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थिनीने भरतनाट्यम् सादर केले. नृत्य संपले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मागल्या रांगेतून एक उद्गार कानी आला, "तिचं काय बाबा, तिच्या घरातच आहे ते!" शेजारच्या मैत्रिणीने लगेच पुस्ती जोडली, "आपल्याला तर जन्मात जमायचं नाही."

बोलणाऱ्यांचा हेतू कौतुकाचाच होता. पण मला वाटते, या वाक्याने त्या मुलीवर अन्याय केला आणि बोलणाऱ्यांनी स्वतःवरही केला. तिची आई नृत्य शिकवते हे खरे. परंतु पहाटे उठून अडवू घोटण्याची तिची मेहनत आपण कुळाच्या खात्यावर जमा करून मोकळे झालो. शिवाय आपल्याला न शिकण्याची एक आयती सबब मिळाली. म्हणूनच एखादे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या नृत्य शिकवते तेव्हा त्या घरात नेमके काय टिकते, याचा थोडा विचार करावासा वाटतो.

घराचे महत्त्व नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही. थोर नर्तकी बालसरस्वती (१९१८-१९८४) यांचेच उदाहरण घ्या. सात पिढ्यांचा कलेचा वारसा असलेले त्यांचे घराणे. आजी वीणा धनम्माळ ही तिच्या काळातील नामांकित वीणावादक, आई जयम्माळ गायिका. मुलगी नाचे आणि आई तिच्यासाठी गाई. अशा घरात मुलाचा कान पाळण्यातच तयार होतो. ताल चुकला तर स्वयंपाकघरातूनही कोणीतरी 'हं' म्हणते. आठवड्यातून दोनदा तासभर भरणाऱ्या वर्गाला हे भाग्य लाभत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याच बालसरस्वतींचे नृत्यगुरू कंदप्पा पिळ्ळै हे त्यांच्या घरातले नव्हते. संगीत घरातून आले, नृत्य दुसऱ्या घराण्याच्या गुरूकडून. म्हणजे ज्यांच्या घरी सात पिढ्या कला नांदली, त्यांनाही दुसऱ्याचा उंबरठा ओलांडावा लागला!

आता जी परंपरा आपणा मराठी माणसांना सर्वांत जवळची, परंतु बहुतेकांना ठाऊक नसलेली, तिच्याकडे वळू. तंजावरला भोसले घराण्याचे राज्य होते. दुसरे सर्फोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू कलावंत होते. आज अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाचा जो क्रम आपण पाहतो, त्याला घडीव रूप देण्याचे श्रेय या चार भावांना दिले जाते. स्वतः सर्फोजीराजांच्या नावावर मराठी 'निरूपणे' आहेत. निरूपण म्हणजे एका कथाविषयावर, एकाच राग-तालात गुंफलेल्या नृत्यरचनांची माळ. दक्षिणेतल्या नृत्यासाठी दक्षिणेतच बसून लिहिलेले हे मराठी साहित्य तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपले गेले.

हे चार भाऊ तंजावरच्या दरबाराला चिकटून राहिले असते तर? चिन्नय्या म्हैसूरला कृष्णराज वडेयर यांच्या दरबारी गेले, वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्याकडे. आपल्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे, की मराठी राजाच्या आश्रयास असलेल्या तमिळ घरातला एक भाऊ कन्नड मुलखात विद्या घेऊन गेला. आपण भाषेच्या नावाने कितीही भांडलो तरी नृत्याने ही सरहद्द दोनशे वर्षांपूर्वीच ओलांडली आहे.

पुढे याच बंधूंच्या वंशात के. पी. किट्टप्पा पिळ्ळै झाले. पूर्वजांच्या रचना त्यांनी जपल्या आणि शिकवल्या. तिकडे मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी सर्फोजींच्या निरूपणांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून त्यांना रंगमंचावर आणले. सुचेता भिडे-चापेकर यांनी पार्वतीकुमारांकडे आणि नंतर किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिक्षण घेतले, तंजावरच्या मराठी राजांच्या नृत्यरचनांवर काम केले आणि हिंदुस्थानी संगीतावर आधारलेली 'नृत्यगंगा' ही मांडणी सिद्ध केली. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या 'कलावर्धिनी' संस्थेत त्यांची कन्या अरुंधती पटवर्धन यांनी ही परंपरा पुढे चालवली आहे. आज आपण सहज म्हणू, "त्यांच्या घरातच आहे ते." पण हे 'घरातले' आले कुठून? मराठी दरबारातून तमिळ घराण्यात आणि त्या घराण्याने दार उघडले म्हणून पुन्हा मराठी घरात! किट्टप्पा पिळ्ळै यांनी परक्या घरातल्या मुलीला शिकवायचे नाही असे ठरवले असते, तर हा वारसा आपल्या हाती कसा लागला असता?

याच किट्टप्पा पिळ्ळै यांनी मदुरैच्या नर्तकी नटराज यांना शिष्य म्हणून पत्करले. नर्तकी नटराज या पारलिंगी आहेत. स्वतःच्या घराने आणि समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांना परंपरेच्या ऐन गाभ्यातल्या गुरूने जवळ केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरा म्हणजे संकुचितपणा, असे मानणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. आणि परंपरा म्हणजे आमचेच रक्त, असे मानणाऱ्यांनी तर दोनदा करावा.

आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे उदाहरण मुंबईच्या माटुंग्याचे. तंजावर भागातील तिरुविडैमरुदूर या गावच्या नट्टुवनार घराण्यातील मंडळींनी १९४५ साली मुंबईत श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू केले. नट्टुवनार म्हणजे झांजा हाती घेऊन बोल म्हणणारा, नृत्य बसवणारा आणि शिकवणारा गुरू. गोविंदराज पिळ्ळै, महालिंगम् पिळ्ळै, कल्याणसुंदरम् पिळ्ळै अशी एकाच कुटुंबातील माणसे तिथे शिकवीत आली. कुटुंब तमिळ, गाव परके, आणि समोर बसलेल्या मुली मराठी, गुजराती, कन्नड, सगळ्याच. त्यांनी फक्त आपल्याच मुलांना शिकवायचे ठरवले असते तर त्यांची विद्या एका खोलीत मावली असती.

परंतु या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. ज्या देवदासी कुटुंबांतील स्त्रियांनी हे नृत्य शतकानुशतके जिवंत ठेवले, त्यांच्या वाट्याला विसाव्या शतकात उपेक्षा आली. १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती. पण चाल गेली त्याबरोबर त्या स्त्रियांचा रंगमंचही गेला. प्रतिष्ठित घरांतील मुली नाचू लागल्या. ज्यांच्याकडून नृत्य आले त्या मात्र मागे पडल्या. दार उघडले हे चांगलेच झाले. ते उघडताना ज्यांना घराबाहेर काढले, त्यांची आठवण ठेवणे हे तरी आपल्या हाती आहे.

आता सिल्वासाकडे येऊ. दमणगंगेच्या काठचे हे गाव कारखान्यांमुळे वाढले आणि भारताच्या नाना प्रांतांतून माणसे येथे पोटासाठी आली. येथे कोणाचेच नृत्याचे सात पिढ्यांचे घर नाही, अशी तक्रार मी ऐकतो. तक्रार करणारे एक गोष्ट विसरतात. येथल्या वारली पाड्यांत तारपा पिढ्यान्‌पिढ्या वाजतो आहे. वाळलेला दुध्या भोपळा आणि बांबू यांपासून केलेले ते वाद्य वाजवणारा मध्यभागी असतो, त्याच्याभोवती फेर धरला जातो, आणि त्याने सूर बदलला की पावले बदलतात. फेरात शिरणारे मूल हात धरून, चुकत चुकत शिकते. त्याला कोणी वंशावळ विचारीत नाही, की प्रमाणपत्र देत नाही. शास्त्रीय नृत्याची शिस्त निराळी, हे मला कळते. पण विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हे पाहायला आपल्याला तंजावरपर्यंत जाण्याचे कारण नाही.

गावात आज एखादी बाई भाड्याच्या खोलीत नृत्यवर्ग चालवते, तिची मुलगी लहानग्यांचे अडवू घेते, नवरा सतरंज्या घालतो आणि हिशेब ठेवतो. उद्याचे घराणे असेच सुरू होते. त्या वर्गाला आपण काय देतो? संमेलनाच्या आधी पंधरा दिवस "दहा मिनिटांचे काहीतरी बसवून द्या" असा निरोप! पालकही फारसे मागे नाहीत. दोन वर्षे होत नाहीत तोच अरंगेत्रम् कधी, हा प्रश्न सुरू होतो. मग पोशाख, दागिने, सभागृह, जेवणावळ यांवर लग्नासारखा खर्च होतो, आणि समारंभ आटोपला की घुंगरू माळ्यावर जातात. गुरूच्या मासिक शुल्कात मात्र पन्नास रुपये वाढले तर कुरकुर.

माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाने आपली एक खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी अशा एखाद्या वर्गाला वर्षभर द्यावी. त्या बदल्यात, ज्यांच्या घरी कधी कोणी नाचले नाही अशा दहा विद्यार्थ्यांना तेथे विनाशुल्क प्रवेश असावा. त्यांत मुलगेही असावेत. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी सर्फोजींची निरूपणे निदान एका व्याख्यानापुरती तरी आपल्यापुढे आणावीत.

दहांपैकी आठजण वर्षभरात गळतील, याची मला कल्पना आहे. उरलेल्या दोघांच्या मुलांकडे पाहून पुढे कधीतरी मागल्या रांगेतून कोणी म्हणेलच, "त्यांच्या घरातच आहे ते!" तेव्हा ते घर कोणत्या खोलीत सुरू झाले, हे सांगणारा एखादा माणूस त्या सभागृहात असावा, एवढीच इच्छा.