आत्मपरीक्षण की आरोपपत्र?

धर्मशिक्षकाला उपदेश करणाऱ्यांची आपल्या समाजात कधीच वाण नव्हती. तो थकला, खचला, मुलांवर चिडू लागला की उत्तर ठरलेले : प्रार्थना कमी पडते आहे, आत्मपरीक्षण कर. हा सल्ला दिसायला धार्मिक आहे. प्रत्यक्षात तो आपली जबाबदारी झटकणारा आहे. पापनिवेदन पापासाठी असते. थकवा हे पाप नव्हे.

ज्यांच्या साधनेतून आपण आत्मपरीक्षणाची रीत घेतली, त्या संत इग्नेशियस लोयोला यांना तरी आपण नीट समजून घेतले आहे काय? त्यांच्या रीतीत पहिली पायरी देवाचे आभार मानण्याची आहे. दोषांचा हिशेब नंतर येतो. मान्रेसा येथील मुक्कामात (१५२२-२३) जुनी पापे पुन्हा पुन्हा उकरताना खुद्द त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आले आणि आत्मकथनात त्यांनी ते लपवले नाहीत. संताच्या वाट्याला आलेली ही अवस्था धर्मशिक्षकाच्या वाट्याला आली, तर ती अश्रद्धा कशी ठरते?

बुलढाणा जिल्ह्याचेच पाहा. अमरावती धर्मप्रांतातला हा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली विभागलेला; कॅथलिक कुटुंबे थोडी, अंतरे मोठी. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणाही होता. कपाशी-सोयाबीन बुडालेल्या घरी धर्मशिक्षक धर्मपाठ घेऊन जातो आणि त्या घराचे दुःख घेऊन परततो. ते त्याने कोणापुढे उतरवावे?

‘सेवेला मोल कसले?’ असे विचारणाऱ्यांनी १९८३ च्या कॅनन कायद्याचे २३१ वे कलम वाचावे. चर्चच्या विशेष सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना कुटुंब चालेल असा मोबदला, सामाजिक सुरक्षा व आरोग्यसाहाय्य हा त्यात हक्क म्हटला आहे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. मान दिला; मग मानधन देताना हात आखडता का?

धर्मशिक्षकाला वर्षातून काही दिवस तरी असे मिळावेत, जेव्हा त्याने बोलावे आणि इतरांनी ऐकावे. ऐकणारा त्याचा वरिष्ठ नसावा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर लागावा. मानसोपचार घेणे हे श्रद्धेचे अपयश नाही, हे व्यासपीठावरून सांगितले जावे. आणि यापुढे धर्मशिक्षकाला आत्मपरीक्षण सांगण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपली खतावणी उघडून त्याच्या नावे काय जमा केले आहे, ते पाहावे.