मात्रा आणि अधिकार

अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता रुग्णाजवळ कोण असतं? नातेवाईक बाहेरच्या बाकावर पेंगत असतात. डॉक्टर असतात, पण एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळत असतात. खाटेजवळ सतत असते ती नर्स. रक्तदाब घसरला, धाप वाढली, लघवी कमी झाली, हे सगळ्यात आधी तिलाच दिसतं. दिसल्यावर तिने फक्त फोन लावून वाट पाहायची, की काही करण्याइतकं ज्ञान आणि अधिकार तिच्याकडे असावेत? माझ्या मते दोन्ही असावेत आणि सोबतच असावेत.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. मराठीत अक्षरावरच्या चिन्हालाही मात्रा म्हणतात आणि औषधाच्या प्रमाणालाही. मुलांची मात्रा चुकली तर मी लाल शाईने दुरुस्त करते. आयसीयूत तशी दुरुस्ती दर वेळी शक्य नसते. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला नॉरएड्रेनलिन हे औषध थेंबाथेंबाने देतात. त्याचं प्रमाण मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. त्याचा असर काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून ते मध्येच थांबून चालत नाही. तेच औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि मांस मरू शकतं. पोटॅशियमचं इंजेक्शन पातळ न करता झटकन शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. आपल्याकडे कुपीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. कुपीसाठीची सिरिंज १०० वाल्या इन्सुलिनला वापरली तर अडीचपट डोस जातो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर एरवी योग्य असलेला डोसही जास्त ठरतो.

औषध शरीरात कसं जातं, कसं काम करतं, कसं बाहेर पडतं आणि दुसऱ्या औषधाशी त्याचं कुठे बिनसतं, हे सगळं शिकवणारा विषय म्हणजे प्रगत औषधशास्त्र. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नर्सिंग आणि कामाचा अनुभव असलेल्यांसाठी तो आहे. त्यात हा विषय सक्तीचा आहे आणि शिक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्ष आयसीयूत काम करत होतो. कागदावर चांगलं पाऊल आहे.

अडचण पुढे आहे. शिकून बाहेर पडलेल्या नर्सला किती अधिकार मिळणार, हे बरंचसं त्या त्या रुग्णालयाच्या नियमावलीवर सोडलेलं आहे. म्हणजे तेच शिक्षण, तीच पदवी, पण एका रुग्णालयात ती ठरलेल्या नियमांत औषध सुरू करेल आणि दुसऱ्यात तिच्याकडून जुनंच काम करून घेतलं जाईल. मग दोन वर्षं आणि फीचे पैसे कोण घालवेल?

इथे डॉक्टरांचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरांत म्हणतात ना, नीम हकीम खतरा-ए-जान. अर्धवट ज्ञान जीवघेणंच. पण या म्हणीतला दोष अर्धवटपणाचा आहे, नर्स असण्याचा नाही. उपाय म्हणजे शिक्षण पुरं करणं, परीक्षा कडक घेणं आणि अधिकाराची हद्द लिहून ठेवणं. अमेरिकेत १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी, म्हणजे एका नर्सने आणि एका डॉक्टरने मिळून, नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं. ब्रिटनमध्ये वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना २००६ पासून जवळपास सगळी औषधं लिहून देता येतात. तिथेही हा हक्क प्रत्येक नर्सला नाही, शिकलेल्यांनाच आहे.

आपल्या कायद्यालाही ही कल्पना परकी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातलं ३२ वं कलम सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची सोय करतं. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ते स्वतः औषध देऊ शकतात, बाकी ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नर्सिंगसाठी २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी नवा कायदा झाला. त्याखाली होणाऱ्या नियमांत आयसीयूतल्या नर्स प्रॅक्टिशनरने कोणती औषधं, कोणत्या स्थितीत, किती प्रमाणात स्वतः सुरू करावीत किंवा बदलावीत आणि कधी डॉक्टरांना बोलवावंच, हे स्पष्ट लिहिलं जावं. अधिकार आला की जबाबदारीही तिचीच, हेही त्यातच यावं.

हा प्रश्न फक्त रुग्णालयांचा नाही, आपल्या घरांचाही आहे. बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलीला अजूनही ऐकावं लागतं, “डॉक्टर नाही झाली, म्हणून सिस्टर?” रात्रपाळी, परक्यांची सेवा, लग्नाचं काय, हे प्रश्न लगेच सुरू होतात. या शिक्षणाला किती गणित आणि किती रसायनशास्त्र लागतं, हे पालकांना कुणी सांगतच नाही. तेव्हा आपल्या शाळांतून हे सांगितलं पाहिजे. आणि सरकारने त्या मुलीच्या पदवीला ठरावीक हक्क जोडला पाहिजे. नाहीतर तिला सगळं कळेल आणि रात्री तीन वाजता ती फोन उचलला जाण्याची वाट पाहत उभी राहील.