एन्झाइम वाढले म्हणजे कावीळच नव्हे



तापात ‘एसजीपीटी’ हे यकृतातील एन्झाइम वाढले की विषाणूजन्य कावीळच समजावी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचे एसजीओटी ही एन्झाइम्स पेशींना इजा झाल्याचे सांगतात. इजा कोणी केली, हे सांगत नाहीत. डेंग्यूतही ती वाढतात. मात्र तिथे बहुधा एसजीओटी अधिक चढते, कारण ते स्नायूंतही असते. हिपॅटायटिस ‘ए’ वा ‘ई’ या विषाणूजन्य काविळींमध्ये सहसा एसजीपीटी वरचढ असते. तरीही निदान पक्के होते ते एनएस-१ किंवा आयजीएमसारख्या रक्तचाचण्यांनीच. एन्झाइमचे खरे मोल तीव्रता जोखण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या निकषांनुसार डेंग्यूत या दोन एन्झाइम्सपैकी एक जरी १००० युनिट किंवा त्यावर गेले, तर आजार गंभीर मानतात. केवळ आकडा पाहून काविळीचे झाडपाल्याचे औषध सुरू करणे धोक्याचे आहे.

– एक वाचक, नाशिक