‘बीटा’ची पाटी आणि वापरकर्त्याचा विश्वास

संकेतस्थळे पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरची, अर्थात न्याहाळकाची, चाचणी आवृत्ती सर्वांसाठी खुली करण्याच्या प्रथेला आता तीन दशके उलटली आहेत. संगणक क्षेत्रात या आवृत्तीला ‘बीटा’ असे म्हणतात. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा पहिला ब्राउझर याच मार्गाने लोकांपर्यंत पोहोचला. ही व्यवस्था म्हणजे एक अलिखित करार आहे. वापरकर्ता वेळ देतो, गैरसोय सोसतो आणि दोष कळवतो. त्या बदल्यात निर्मात्याने ते दोष दूर करावेत आणि हाती दिलेली वस्तू अपुरी आहे हे आधीच स्पष्ट सांगावे, एवढीच अपेक्षा असते. अपरिपक्व ब्राउझरविषयी वेळोवेळी व्यक्त झालेल्या नाराजीचा आढावा घेतला, तर दोषांपेक्षा या कराराच्या भंगाने लोक अधिक दुखावले गेले, असे दिसून येते.

याचे सर्वात ठळक उदाहरण नेटस्केपचेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररपुढे मागे पडू लागलेल्या या कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली आणि ‘मोझिला’ प्रकल्पाला प्रारंभ झाला. त्याच वर्षी जुनी संहिता बाजूला सारून नव्याने उभारणी करण्याचा निर्णय झाला. काम लांबत गेले आणि पाचव्या क्रमांकाची आवृत्ती निघालीच नाही. अखेर नोव्हेंबर २००० मध्ये ‘नेटस्केप ६’ अंतिम आवृत्ती म्हणून प्रसिद्ध करण्यात आली. ज्या मोझिलावर ती आधारलेली होती, त्या प्रकल्पाने मात्र स्वतःच्या कामाला तेव्हा केवळ ०.६ हा क्रमांक दिला होता. मोझिलाची १.० ही आवृत्ती जून २००२ मध्ये आली. म्हणजेच निर्मात्यांच्या लेखी अपूर्ण असलेली वस्तू मालक कंपनीने पूर्ण म्हणून लोकांपुढे ठेवली.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. ब्राउझर सुरू होण्यास लागणारा विलंब, संगणकाच्या स्मृतीवर पडणारा भार आणि काम चालू असताना तो अचानक बंद पडणे, या तक्रारी सर्वत्र ऐकू येऊ लागल्या. अनेकांनी जुन्या आवृत्तीचा आसरा घेतला, तर अनेक जण कायमचे दुरावले. नेटस्केपच्या पीछेहाटीला विंडोजसोबत विनामूल्य मिळणारा इंटरनेट एक्स्प्लोरर हे मोठे कारण होते, हे नाकारता येणार नाही. तथापि, पर्यायाची वाट पाहणाऱ्यांचाही विश्वास या घाईने गमावला. पुढील काही वर्षांत एक्स्प्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या पुढे गेला. स्पर्धाच न उरल्याने ऑगस्ट २००१ मधील सहाव्या आवृत्तीनंतर सातवी येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडला.

या एकाधिकाराची झळ मराठी वाचकांनाही बसली. त्या काळी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतंत्र फॉन्ट वापरत. हे फॉन्ट वाचकाच्या संगणकावर आपोआप उतरवण्याचे जे तंत्र प्रचलित होते, ते केवळ एक्स्प्लोररमध्ये चालत असे. अन्य ब्राउझरमध्ये अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडचा प्रसार होईपर्यंत मराठी वाचकाला ब्राउझर निवडण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ नव्हतेच.

ॲपलने ११ जून २००७ रोजी विंडोजसाठी ‘सफारी ३’ची बीटा आवृत्ती सादर केली. येथे पाटी बीटाची होती, पण जाहिरात तयार मालाची होती. हा ब्राउझर सर्वात वेगवान आणि पहिल्या दिवसापासून सुरक्षित असल्याचे कंपनीने म्हटले होते. प्रत्यक्षात काही तासांतच सुरक्षा अभ्यासकांनी त्यातील त्रुटी उघड केल्या आणि तीन दिवसांत दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. मार्च २००८ मध्ये सफारी बीटा अवस्थेतून बाहेर पडला. त्या वेळी आयट्यून्सच्या अद्ययावतीकरणासोबत तो, कधीही न वापरलेल्या लोकांनाही, आधीच निवडलेल्या स्वरूपात देऊ करण्यात आला. मोझिलाचे तत्कालीन मुख्याधिकारी जॉन लिली यांनी यावर जाहीर टीका केली. वापरकर्त्याची संमती गृहीत धरणे, हा त्या टीकेचा रोख होता.

याउलट, २ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या ‘गूगल क्रोम’च्या बीटा आवृत्तीत उणिवा असूनही तिचे स्वागत झाले. ती केवळ विंडोजसाठी होती आणि तिला विस्तारांची जोड देण्याची सोय नव्हती. मात्र प्रत्येक पान स्वतंत्र प्रक्रियेत चालवण्याची तिची रचना अशी होती की, एखादे पान बंद पडले तरी इतर पाने सहसा शाबूत राहत. वापरकर्त्याच्या मजकुरावर कंपनीला व्यापक अधिकार देणारे परवान्यातील कलम वादग्रस्त ठरताच ते तातडीने बदलण्यात आले. डिसेंबर २००८ मध्ये बीटाची पाटी उतरली. याच कंपनीच्या ‘जीमेल’वर मात्र ती एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत कायम होती. कोट्यवधी लोकांच्या नित्य वापरातील सेवेला पाच वर्षे ‘चाचणी’ म्हणवत राहिल्यास ती पाटी ग्राहकाला सावध करण्याऐवजी निर्मात्याचीच ढाल बनते.

त्यानंतर चित्र पालटले आहे. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या चाचणी आवृत्त्या आज स्वतंत्र शाखांमधून मिळतात आणि हौशी मंडळी त्या समजून-उमजून वापरतात. पण नवी वैशिष्ट्ये आधी काही मोजक्या वापरकर्त्यांपुरतीच सुरू करून पाहण्याची पद्धत स्थिर आवृत्त्यांमध्येही रूढ झाली आहे. चाचणी संपलेली नाही. तिची पाटी मात्र दिसेनाशी झाली आहे. बँकेचे व्यवहार, परीक्षेचे अर्ज आणि शासकीय दाखले ज्या खिडकीतून होतात, तिच्या बाबतीत हा फरक किरकोळ मानता येणार नाही.

भारतासाठीही हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझर विकसित करण्यासाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागून झोहो कंपनीच्या चमूला एक कोटी रुपयांचे प्रथम पारितोषिक मिळाले. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु असा ब्राउझर लोकांच्या हाती देताना तो किती तयार आहे, भारतीय लिप्यांची त्यात कितपत चाचणी झाली आहे आणि दोष कळवल्यास त्याची दखल कोण घेणार, हे प्रथम सांगितले जाणे आवश्यक आहे. अपुरी वस्तू लोक स्वखुशीने वापरून पाहतात, सुधारण्यास हातभारही लावतात. ती पूर्ण म्हणून माथी मारली गेली, तर मात्र ते दुसऱ्यांदा वळून पाहत नाहीत, हाच नेटस्केपचा धडा आहे.