घर-संसार : जुनी खोली नवी करताना

मुलाचे लग्न ठरत आले, मुलगी नोकरीला लागली किंवा वडिलांच्या निवृत्तीचे पैसे हाती आले, की आपल्या घरांतून एक विषय हमखास निघतो. "खोली आता नवीन करून घेऊ या." हा विचार आम्हांला मुळीच गैर वाटत नाही. ज्या पिढीने बोर्डाच्या खोलीचा ताबा मिळवला, तिने भिंतींना चुना मारून दिवस काढले. पुढच्या पिढीला नीटनेटक्या घरात राहावेसे वाटले तर त्यात चैन कसली? आमचे म्हणणे एवढेच, की खर्चाचा क्रम आपल्याकडे बहुधा उलटा लागतो. आधी छताला पीओपी, मग टाइल्स, मग रंग. आणि ओल, तारा, नळ हे सगळे "नंतर बघू". नंतर पैसे उरत नाहीत.

चेंबूरचे टिळकनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, घाटकोपरचे पंतनगर अशा उपनगरी वसाहतींतल्या जुन्या इमारती येथे आमच्या डोळ्यांपुढे आहेत. १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले, १९७७ साली म्हाडा आली, तरी लोकांच्या तोंडी "बोर्डाची खोली" हाच शब्द राहिला. यांतल्या कित्येक इमारतींच्या जागी आता मनोरे उभे आहेत. तुमच्या सोसायटीतही पुनर्विकासाची बोलणी पुढे गेली असतील, तर आधी कमिटीकडे जाऊन नक्की काय ते विचारा. पडणार असलेल्या इमारतीत पतपेढीचे कर्ज काढून ग्रॅनाइट बसवू नये. कर्जाचे हप्ते मात्र इमारत पडली तरी थांबत नाहीत.

राहायचेच असेल, तर पहिली नजर छताकडे टाका. छताच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात. वरच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे झिरपले की त्या गंजतात. गंजलेले लोखंड फुगते, मूळच्यापेक्षा जास्त जागा मागते आणि खालचे काँक्रीट ढकलून देते. म्हणून आधी तपकिरी डाग पडतो, मग सळईच्या रेषेत तडा जातो, मग पापुद्रा सुटतो. काठीने हलकेच ठोकले तर तिथे पोकळ आवाज येतो. ही सगळी लक्षणे डोळ्यांना दिसणारी आहेत. आणि नेमक्या याच छताखाली आपण नक्षीचे पीओपी लावतो आणि रंगीत दिवे सोडतो! आजार बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. पाहुण्यांना छत छान दिसते, घरच्यांना मात्र तडा दिसायचा बंद होतो. आमच्या मते जुन्या इमारतीत छत उघडेच असावे. डागडुजी करून साधा पांढरा रंग दिला, तर खोली उंचही वाटते.

दुसरी गोष्ट भिंतीची. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली एक करण्याची टूम आली आहे. जुन्या इमारतींपैकी पुष्कळांत विटांच्या भिंतीच वरचे मजले तोलून धरतात. तुमच्या खोलीतली भिंत ही वरच्या बिऱ्हाडांचा आधार असते. "अर्ध्या विटेची आहे, काढली तर काय होते" असे मिस्त्री म्हणाला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नका. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला यांशिवाय भिंतीला हात लावू नये. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जण गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत पडून १७ जण गेले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर केलेल्या फेरफारांवर ठपका आला. मेलेली माणसे बहुतेक वरच्या मजल्यांवरची, त्या फेरफारांशी संबंध नसलेली. मुंबईत इमारत तीस वर्षांची झाली की तिच्या मजबुतीची तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीचा अहवाल कमिटीकडे मागा. तो मागणे तुमचा हक्क आहे.

आता ओल. भिंतीला लोणा लागला, की आपण वरून ऑइलपेंट फासतो. आतले पाणी मग रंगाला फोड आणून बाहेर येते आणि दोन पावसाळ्यांत पैसे वाया जातात. आधी ओल कुठून येते ते पाहावे. हातभर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन-तीन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येते आहे. वरच्या बाजूला जमले, तर ती खोलीतली वाफ आहे, आणि तिला खिडकी उघडणे हाच उपाय. पावसाळ्यात ओलीच्या डागाची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. महिन्याने डाग कुठवर सरकला ते कळते आणि मिस्त्रीशी बोलताना आपला पुरावा भिंतीवरच असतो. मोरी नव्याने केलीत, तर टाइल्स बसण्याआधी तिच्यात चोवीस तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या बिऱ्हाडाला छत पाहायला सांगा. पुढची दहा वर्षे जिन्यात होणारी भांडणे एवढ्याने वाचतात.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. लाकडी पट्टीवरच्या जुन्या तारा एक पंखा आणि दोन दिव्यांच्या हिशेबाने घातलेल्या होत्या. आता त्यांवर फ्रिज, गिझर आणि इस्त्री चालते. नव्या तारा तांब्याच्या घ्या, गिझरला स्वतंत्र जाड तार द्या, अर्थिंग तपासून घ्या. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नव्हे. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या आपल्या घरच्या बाईसाठी तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तारा भिंतीत गाडण्यासाठी जुनी भिंत आडवी खोदू नये, वरून प्लास्टिकची केसिंग पट्टी मारावी. थोडी दिसते, हे खरे. दिसू द्या.

जुने सगळेच टाकाऊ नसते. मोझॅकच्या लाद्या मळक्या दिसतात म्हणून त्यांवर नव्या टाइल्स चढवतात. मग जमीन उंच होते, दारे खालून तासावी लागतात आणि स्लॅबवर विनाकारण भार पडतो. मशीनने घासून पॉलिश केल्या, तर त्याच लाद्या पुन्हा चकाकतात. लाकडी पाखांची खिडकी काढून सरकती अॅल्युमिनियमची लावली, की उघडी जागा निम्मी होते, कारण एक काच नेहमी दुसरीमागे असते. जिथे चार-पाच माणसे एका खोलीत झोपतात तिथे हा हिशेब लहान नाही. ओटा मात्र जरूर बदला. त्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली ठेवा. मिस्त्री सवयीने ठरावीक माप सांगतो. त्याला थांबवून आधी तिला उभे करून मोजा.

रंग सर्वांत शेवटी. नवे प्लास्टर सात दिवस पाणी मारून आणि मग महिनाभर तरी सुकवून झाल्यावर. म्हणून मे महिन्यात घाईने काम काढण्यापेक्षा पावसाळा संपल्यावर काढलेले बरे. बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर पुन्हा लावताना बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर लावू नये. चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, की मागून हवा खेळते आणि कागदाला बुरशी धरत नाही.